वाळूवर अंथरलेला रस्ता

दुसऱ्याच्या आजोबांचा तुम्ही कधी हेवा केला आहे?

घराचा, पगाराचा, ग्रीन कार्डाचा हेवा सगळेच करतात आणि चारचौघांत त्यावर हसतातही. त्याबद्दल मी विचारत नाही. एखाद्या परक्या म्हाताऱ्याला बोलता बोलता खोकला येतो आणि तो खोकलासुद्धा कुणीतरी कागदावर टिपून ठेवतं, हे बघून तुमच्या पोटात कधी आग पडली आहे का? माझ्या पडली होती. एक अख्खा मोसम ती आग घेऊन मी हिंडले, आणि तिच्या भरात जे करू नये ते केलं.

मार्च आला की तो मोसम परत येतो. आता मी शॉमबर्गला राहते. खिडकीखाली पार्किंगच्या कडेला हिवाळाभर ढकलून ढकलून रचलेला बर्फाचा ढीग असतो. तो काळा पडतो, खालून झिरपायला लागतो, आणि त्याच्या पोटातून एकेक वस्तू वर येते. एकच हातमोजा. कॉफीचा चेपलेला कप. कुणाच्या तरी मुलाची लाल टोपी. ओल्या मातीचा वास येतो, पण तो आपल्याकडच्यासारखा नव्हे. त्यात मीठ असतं, रस्त्यावर टाकलेलं. बुटांवर त्या मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. त्या पुसताना माझा हात थांबतो, आणि मी पुन्हा ॲन आर्बरच्या लायब्ररीच्या तळघरात जाऊन बसते, २००३ सालच्या मार्चमध्ये, कानांवर हेडफोन आणि पायाखाली पेडल.

मी तेव्हा ग्रंथालयशास्त्र शिकत होते आणि आठवड्याचे दहा तास तिथे काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या मुलाखतींच्या कॅसेट ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. पेडल शिलाई मशीनच्या पायट्यासारखं होतं. चवडा दाबला की टेप पुढे, टाच दाबली की मागे. समोरच्या भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलेला. बोलणाऱ्याचं व्याकरण सुधारायचं नाही. एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही. हसला तर कंसात तसं लिहायचं. गप्प बसला तर किती सेकंद, ते लिहायचं. नीट ऐकू आलं नाही तर अंदाजाचा शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह. टाइप झालेला मजकूर ज्याचा त्याला वाचायला पाठवायचा. त्याची सही झाल्याशिवाय एकही पान कपाटात जाणार नाही. आणखी एक नियम होता. घरच्या माणसाची कॅसेट घरच्या माणसानं टाइप करायची नाही. तो सुधारून लिहितो, असा तिथला अनुभव होता.

म्हणूनच एमिलीच्या आजोबांच्या अकरा कॅसेट माझ्याकडे आल्या. एमिली शेजारच्या टेबलावर बसायची, माझ्याच वर्गातली. तिचे आजोबा स्टॅन, हॅमट्रॅमिक गावातल्या पोलिश वस्तीतले, मोटारींचे भाग बनवण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एमिली त्यांना ‘जाजा’ म्हणायची. दर गुरुवारी दुपारी जाजा स्वतः तळघरात उतरायचे, काठी टेकत. उपासाचा महिना लागायच्या आधी त्यांच्याकडे पाँचकी म्हणून जॅम भरलेले तळलेले गोळे करतात, त्यांचा खोका हातात असायचा.

“काय गं, आज मी कुठपर्यंत पोचलो?” ते मला विचारायचे.

“अजून पाण्यातच आहात. प्रवाळाच्या कड्यापाशी.”

“अजून? अगं बाई, तिथे थांबवू नकोस मला! तिथे तोफगोळे पडतात!”

आणि मग इतके हसायचे की पाँचकीची साखर माझ्या कीबोर्डवर सांडायची.

जाजा १९४४च्या जूनमध्ये सायपान बेटावर उतरले होते. पॅसिफिकमधलं एक छोटं बेट, जपान्यांनी तटबंदी केलेलं. जाजा तेव्हा वीस वर्षांचे. पाण्यात बोटीसारखी तरंगणारी आणि प्रवाळावर रणगाड्यासारखी चढणारी एक पत्र्याची गाडी ते चालवत. अकरा कॅसेटमधून मी त्यांच्या मागोमाग त्या बेटावर गेले. जहाजात सामान कसं भरतात ते मला कळलं: जे उतरल्यावर सगळ्यात आधी लागणार, ते सगळ्यात शेवटी भरायचं. बॅंडेज वर, तंबू तळाला. आधी किती माणसं जखमी होतील याचा अंदाज करून मगच बॅंडेजचे खोके रचतात, हे सांगताना जाजा थांबले होते. मी लिहिलं: थांबतात, अकरा सेकंद.

त्यांनी सांगितलं की किनाऱ्यामागे साखर कारखाना होता. सगळं गाव भुईसपाट झालं तरी त्याचं धुराडं उभंच राहिलं, आणि त्यात बसून कुणीतरी शत्रूच्या तोफांना नेम सांगत होतं. त्यांनी सांगितलं की उसाच्या पात्यांनी हात कापले गेले, आणि जळलेल्या साखरेचा वास दिवसभर नाकातून जाईना.

मी पाय उचलून टेप थांबवली. मी सांगली जिल्ह्यातली. उसाच्या पात्यानं कापलेले हात, काकवीचा करपलेला वास, ही माझ्या घरची वस्तू होती. मनात आलं, ऊससुद्धा यांच्याकडेच!

त्या दिवसापासून मी हेव्यानं जळायला लागले. जाजांच्या जहाजाचं नाव कागदावर होतं. भरती किती वाजता येणार याचं कोष्टक होतं. त्या दिवशी सकाळी विमानातून काढलेला किनाऱ्याचा फोटो होता. पाण्यावर पांढरे ओरखडे आणि त्यांच्या टोकाला ठिपके. जाजांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हा मी.” त्यांना तरी कसं कळलं कोण जाणे. पण मला त्या ठिपक्याचा हेवा वाटला. एका ठिपक्याचा!

कारण बेटावर उतरलेला एक माणूस माझ्याही घरात होता. त्याचा ठिपकासुद्धा कुठे नव्हता.

आमचं मिरजेचं घर म्हणजे पत्रकांचं घर. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत सायक्लोस्टाइल मशीन होतं, आणि शाईचा वास फोडणीच्या वासात मिसळलेला असायचा. धरणग्रस्तांची पत्रकं, दारूबंदीची, अणुबॉम्बच्या विरोधातली. मी बाराखडी पाटीवर कमी आणि पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर जास्त गिरवली. बाबा कॉलेजात शिकवत आणि उरलेल्या वेळात सरकारशी भांडत. त्यांच्याकडून मी सगळं घेतलं: राग, वाक्य, आणि खरं असेल ते मोठ्यानं बोलायची सवय. या घरात आईच्या वडिलांविषयी कुणी बोलायचं नाही. ते विट्याला मामाकडे राहत. तरुणपणी खडकीला जाऊन इंग्रजांच्या फौजेत भरती झालेले, नंतर आयुष्यभर बांधकाम खात्यात रस्त्याच्या कामावर मुकादम. बाबा त्यांना पाठीमागे ‘साहेबाचा शिपाई’ म्हणायचे. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एकदाच, भांडी घासताना, ती मला म्हणाली होती, “रामरी नावाच्या बेटावर उतरले होते ते, बोटीतून. ब्रह्मदेशात. मला एवढंच माहीत आहे.”

आजोबांना मी कधी विचारलं नाही. पत्रकात उत्तरं आधीच असतात, त्यामुळे विचारायची सवय लागत नाही.

आता मात्र मी त्या एवढ्या मोठ्या लायब्ररीत रामरी शोधायला निघाले. एका जाडजूड पुस्तकात सहा ओळी सापडल्या. १९४५चा जानेवारी. इंग्रजांच्या युद्धनौकेचं नाव होतं, सेनापतींची नावं होती, आणि मग ‘भारतीय सैनिक’. बस. सायपानला दोन कपाटं, रामरीला सहा ओळी. बाकी सगळीकडे एकच गोष्ट: माघार घेणारे जपानी तिथल्या दलदलीत शिरले आणि मगरींनी त्यांना खाल्लं. ती गोष्ट खरी की खोटी यावरच पानंच्या पानं.

“ओह, मगरींचं बेट!” एमिली म्हणाली. तिचा काही दोष नव्हता. पण त्या क्षणी मला ती सहन झाली नाही.

माझी रूममेट प्राजक्ता, नागपूरची, केमिकलवाली. मी घरी येऊन तिच्यापुढे तासभर बोलले, साम्राज्यवाद, इतिहास कोण लिहितं, कुणाची कपाटं भरतात. ती मॅगी ढवळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “यार मुक्ता, तू जेलस आहेस. सिंपल. फोन कर ना आजोबांना. कॉलिंग कार्ड देऊ का माझं?”

शनिवारी सकाळी मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मामानं आजोबांच्या कानाला रिसीव्हर लावला.

“आजोबा, रामरीला तुम्ही काय केलंत?”

“कुठं?”

“रामरी. बेट. ब्रह्मदेशातलं.”

“रस्ता केला.”

“कसला रस्ता?”

“वाळूत. वाळूत गाडी बसती न्हवं? चाक रुतलं की झालं, मागची समदी खोळंबली. मग तारंची जाळी अंथरायची. ही एवढाली गुंडाळी. दोघांनी खांद्यावर घ्यायची, बोटीचं दार पडलं की उतरायचं पान्यात, कमरंएवढ्या, आन् पळायचं.”

“गोळीबार होत होता?”

“न्हाई गं. आमी उतरलो तिथं काय बी न्हवतं. मोठ्या बोटीनं आदीच तोफा मारल्या हुत्या. नुसती वाळू. एक बोट उडाली तिकडं, सुरुंगावर. लांब हुती.”

“मग? तुम्हाला काय वाटलं?”

“बघाय येळ कुटं हुता? जाळी सरळ जाय पायजे. वाकडी ग्येली की ट्रक कलंडतोय.”

“आणि मगरी?”

“मगर न्हाई बघितली. डास बघितलं. मगरीएवढं.”

मी किराणा दुकानाच्या पिशवीवर लिहून घेत होते. चाळीस मिनिटं ते बोलले. आयुष्यभर माझ्याशी सलग चार वाक्यं न बोललेला माणूस. जेवणाविषयी खूप बोलले. फौजेत सारखा भात, भाकरी नाही. “आमाला कोन इचारलं, भात पायजे का भाकरी? आला भात की खावा.” आणि शेवटी, कार्डावरची मिनिटं संपत आल्याचा तो बाईचा आवाज मध्येच आला तेव्हा, एक वाक्य. ते वाक्य मी स्पष्ट ऐकलं, आणि पिशवीवर लिहिलं नाही.

त्याच दिवसांत इराकवर हल्ला होणार हे नक्की झालं होतं. विद्यापीठाच्या मधल्या चौकात, डायगवर, आम्ही रोज उभे राहायचो. बर्फाचा चिखल, ओले मोजे, भिजून फाटणारे फलक. मी घोषणा लिहायचे, इंग्रजीत, आणि त्या लोकांना आवडायच्या. मी त्यात खूश होते. मग एका दुपारी एमिली जाजांना घेऊन आली.

कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. जाजा म्हणाले, “मी मत सांगायला आलो नाही. माझं मत बायकोलाही पटत नसे. पण समुद्रातून किनाऱ्यावर उतरताना कसं असतं, ते कुणाला विचारायचं असेल तर विचारा.” आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

दोनशे मुलांतून एकेकजण विचारायला लागला. तुम्ही घाबरला होतात? हो, पँटमध्ये लघवी झाली. तुम्हाला अभिमान वाटतो? हो, आम्ही गाडी बुडू दिली नाही. तुम्ही माणसं मारलीत? याला ते म्हणाले, “माझी गाडी ज्यांच्यावरून गेली त्यांतले काही जिवंत होते.” माझ्या सगळ्या घोषणा त्या एका वाक्यापुढे चिंध्या झाल्या.

मी बाजूला उभी होते. जाजांसाठी माझे डोळे भरून यायला हवे होते. आले नाहीत. मी एमिलीकडे बघत होते. तिनं आजोबांचा स्कार्फ नीट केला, इतकंच. तिला काहीच करावं लागलं नव्हतं. नुसतं आणून उभं केलं, की झालं.

मला पण एक हवा होता.

घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. इतकं भराभर मी आयुष्यात काही लिहिलं नाही. मध्यभागी, चौकटीत, ठळक अक्षरांत: ‘आम्हाला कुणी विचारलं? परक्यांच्या लढाईत आम्हाला ढकललं. त्या बेटावर आम्ही रडत उतरलो आणि रडत परतलो. – रामरी बेटावर उतरलेला एक भारतीय सैनिक, वय एक्क्याऐंशी.’ पहिलं वाक्य आजोबांचं होतं. उरलेली दोन माझी. लिहून झाल्यावर ती पिशवी मी कचऱ्यात टाकली. परत कशाला लागणार होती?

पत्रक गाजलं. डायगवर लोकांनी ते फलकावर चिकटवलं. पाडव्याला महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. श्रीखंड-पुरीच्या रांगेत मी मराठी बाजू वाटली. एक काकू म्हणाल्या, “इथे पॉलिटिक्स नको हं, मुलं आहेत.” पण देशमुख काका, मंडळातले सगळ्यात जुने, चष्मा वर करून वाचत राहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “काय बोललेत गं तुझे आजोबा! अगदी आतून आलेलं आहे. हे कुणी मनानं लिहू शकत नाही.”

मी म्हणाले, “थँक्यू काका.”

मिरजेला बाबांनी गठ्ठेच्या गठ्ठे छापले. फोनवर त्यांचा आवाज कधी नव्हे इतका हळवा होता. “सासऱ्यांनी तोंड उघडलं म्हणायचं! मीच त्यांना ओळखलं नाही गं.” पुढे दोन-तीन नियतकालिकांनी ते चौकटीसकट घेतलं. त्यात कधी नव्हे ते आजोबांना आमच्या घरात मान मिळाला, आणि तो मी मिळवून दिला असं मला वाटत होतं.

एप्रिलच्या एका शनिवारी मामाचा फोन. “तुझं पत्रक कुणीतरी आणून दिलं. वाचून दाखवलं आजोबांना.”

“काय म्हणाले?”

“काय न्हाई. म्हणले, ह्यो म्हातारा कोन? आपल्या गावचा हाय का?”

मी हसले. मामा हसला नाही.

मी म्हणाले, आजोबांना द्या. आजोबा आले. “आजोबा, ते तुमचंच आहे.”

“माजं?” ते म्हणाले. “मी कवा रडलो?”

मी म्हणाले, पुन्हा सांगा, या वेळी नीट लिहिते. ते अगदी शांतपणे म्हणाले, “तू लिवलंस की. छापलंस बी. आता माजं काय काम त्यात?”

त्यानंतर दर शनिवारी मी फोन करत राहिले. मे आला. ॲन आर्बरमध्ये सगळी झाडं एका आठवड्यात हिरवी होतात, उशीर झाल्यासारखी. हिवाळाभर कुंपणाला साखळीनं बांधलेल्या सायकली लोक सोडवून नेत होते. आजोबा माझ्याशी शेळीविषयी बोलायचे, मामाच्या गुडघ्याविषयी, नळाला पाणी किती दिवसांनी येतं त्याविषयी. बेटाचं नाव काढलं की, “बरं, ठिवतो आता.” त्यांचं एक्क्याऐंशी वर्षांत एकदा उघडलेलं दार होतं ते. मी आत जाऊन तिथे माझी पाटी लावली आणि त्यांनी ते बंद केलं. वय वाढत होतं, ऐकू कमी येत होतं. बेट त्यांच्याबरोबर बुडणार होतं, आणि वर तरंगत राहणार होतं माझं खोटं वाक्य.

तळघरात जाजांची अकरावी कॅसेट संपत आली होती. त्यात ते मिनिटभर नुसते शिंकले आहेत. मी लिहिलं: शिंकतात. पुन्हा शिंकतात. आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. एका परक्या माणसाच्या शिंका मी इमानानं मोजत होते.

एमिलीला सगळं सांगितलं. ती माझी कीव करेल म्हणून मी तयारीत होते. तिनं नुसतं भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. “मग नियमाप्रमाणे कर ना.”

“कॅसेटच नाही. कागदही टाकला.”

“आठवतं ते लिही. आठवत नाही तिथे प्रश्नचिन्ह. आणि पाठव त्यांना.”

मी बसले. आठवेल तसं, त्यांच्याच बोलीत, एक पान झालं. एकतीस प्रश्नचिन्हं होती. सगळ्यात शेवटी ते वाक्य आलं, जे मी स्पष्ट ऐकलं होतं आणि पिशवीवर लिहिलं नव्हतं. मी लिहिलं: ‘त्या दिवशी मी लई (खूश?) हुतो.’ खरं सांगते, तिथे प्रश्नचिन्हाची गरज नव्हती. तरीही मी ते घातलं. पान टपालानं विट्याला पाठवलं.

दीड महिन्यानं पाकीट परत आलं. आजोबांनी सांगितलेलं मामीनं बॉलपेननं लिहिलं होतं. ‘आमाला कोन इचारलं’ याच्याखाली रेघ आणि समासात: ‘हे भाताचं.’ खांद्यावर गुंडाळी घेणाऱ्या जोडीदाराचं नाव मी गणू लिहिलं होतं. ते खोडून ‘धोंडू. गणू नंतरचा.’ मगरींपुढे: ‘नाही.’ बोट किती लांब उडाली त्यापुढे: ‘दिसली नाही. आवाज आला.’ एकेक प्रश्नचिन्ह खोडलेलं, जणू रस्त्यातले खडे वेचावेत तसं.

शेवटच्या ओळीत मात्र मामीचं अक्षर नव्हतं. मोठ्या, वाकड्या अक्षरांत, रोमन लिपीत, कुणीतरी लिहिलं होतं. मला वाटायचं आजोबांना सहीपुरतं मोडकं मराठी लिहिता येतं. इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानी भाषा रोमन अक्षरांत शिकवत, हे मला तेव्हा कळलं. माझं प्रश्नचिन्ह त्यांनी कागद फाटेपर्यंत गिरगटलं होतं, आणि खाली लिहिलं होतं: ‘बहुत खुश था. पहला ट्रक गया, रास्ता नहीं दबा.’ त्याखाली त्याच लिपीत सही.

ते पान घेऊन मी लायब्ररीबाहेरच्या पायऱ्यांवर बसले. उन्हाळा होता, चौकात कुणी नव्हतं. आमच्या घोषणांना न जुमानता युद्ध केव्हाच सुरू झालं होतं, आणि ते संपल्याचं लोक एकमेकांना सांगत होते, तेही खोटं होतं. मी सबंध वसंत ऋतू ओरडले होते आणि जगात एक इंच काही हललं नव्हतं. आणि इथे एक बावीस वर्षांचा पोरगा, परक्या राजाच्या पगारावर, परक्या बेटावर उतरतो, वाळूवर जाळी अंथरतो, पहिला ट्रक तिच्यावरून जातो आणि चाक रुतत नाही. आणि तो खूश होतो. त्या वाक्याला मी प्रश्नचिन्ह का घातलं ते तेव्हा कळलं. जाजांचा हेवा, एमिलीचा हेवा, कपाटांचा हेवा, त्या सगळ्यांच्या तळाशी हा होता. मला आजोबांच्या आनंदाचा हेवा वाटला होता. माझ्या हातून असं काहीही झालेलं नव्हतं, ज्यावर कुणाचं चाक टिकलं. माझ्या मतात न बसणारा आनंद म्हणून मी तो काढून टाकला असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला तो बघवला नव्हता.

जाजांना कुणी आपला मुद्दा पटवायला वापरलं नाही. ते भ्यायले, मुतले, त्यांना अभिमान वाटला, त्यांनी जिवंत माणसांवरून गाडी नेली, आणि हे सगळं एका माणसात मावलं. आजोबांना मात्र मी एका चौकटीत बसवायला गेले, आणि बसेनात म्हणून कापलं. इंग्रज लेखकांनी त्यांना ‘भारतीय सैनिक’ या दोन शब्दांत मिटवलं होतं. मी दोन वाक्यं जास्त खर्च केली, एवढाच फरक.

दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. बेटाविषयी पुन्हा बोलले नाहीत. ते एक पान माझ्याकडे आहे, सही असलेलं. सायपानची दोन कपाटं आठवली की अजूनही पोटात जळतं. ते जाईल असं मला वाटत नाही.

इराकच्या युद्धाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पाच वर्षं झाली, ते अजून चालूच आहे, आणि त्या पत्रकातल्या बाकीच्या सगळ्या मजकुराखाली मी आजही सही करीन. पण या महिन्यात पाच वर्षांच्या निमित्तानं कुणीतरी ते पुन्हा छापलं, पुन्हा चौकटीसकट, आणि मला ईमेलनं कौतुकानं पाठवलं. म्हणजे तो रडणारा म्हातारा अजून हिंडतो आहे.

तेव्हा माझं एक काम करा. ते पत्रक तुमच्यापैकी काहींच्या घरी असेल. फाइलीत, जुन्या अंकात, कपाटाच्या तळाशी पसरलेल्या कागदांत. ते शोधून काढा. पेन घ्या. चौकटीतली तिन्ही वाक्यं खोडा, पहिलंसुद्धा; ते भाताविषयी होतं. ‘एक भारतीय सैनिक’ हेही खोडा आणि तिथे लिहा: धोंडूचा जोडीदार. आणि वर, जागा असेल तिथे, ठळक लिहा:

त्या दिवशी मी खूप खूश होतो. पहिला ट्रक गेला, रस्ता दबला नाही.